पाण्याची वेळ: वस्तीत राहिलेल्यांनो, अनुभव लिहा

माझं बालपण घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत गेलं. बाहेरच्यांना वाटतं, झोपडपट्टीतला त्रास म्हणजे जागा लहान. जागेची सवय होते हो. आमचा दिवस ठरायचा पाण्याच्या वेळेवर. पहाटे साडेचारला पाणी यायचं. खालच्या गल्लीत जोरात, वर आमच्यापर्यंत करंगळीएवढी धार. आई नळाच्या तोंडाला फडकं बांधायची. पहिल्या दोन कळश्या गढूळ, त्या मोरीला. तासाभरात निळा ड्रम भरला नाही, तर त्या दिवशी अंघोळी बंद. तुम्ही पाणी कसं भरलंत ते लिहा.

*

ताई, तुमच्याकडे नळ तरी होता. आम्ही गोवंडीला. घर २००० नंतरचं, आणि तेव्हा अशा झोपड्यांना पालिका नळ देत नसे, म्हणून जोडणीच मिळेना. वडील सायकलला दोन कॅन बांधून दुसऱ्या वस्तीतून विकतचं पाणी आणायचे. विजेपेक्षा पाण्याला जास्त पैसे जायचे. पुढे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं, की झोपडी बेकायदेशीर असली तरी पाणी नाकारता येणार नाही, घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात ते येतं. वडिलांनी त्या बातमीचं कात्रण रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं होतं. अर्ज केला, खेटे घातले, आणखी काही वर्षं गेली. शेवटी पाच घरांत मिळून एक जोडणी आली. बिलाच्या वाटणीवरून भांडणं झाली, पण सायकलवरचे कॅन सुटले. वडिलांचा खांदा मात्र त्यात कायमचा गेला.

*

मी पाणी न पिण्याबद्दल लिहिते. आमचा सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला, दिवा नाही, आतून कडी नाही. रात्री जावं लागू नये म्हणून आम्ही मुली संध्याकाळी सहानंतर पाण्याला तोंड लावत नसू. कोणी शिकवलं नव्हतं, मोठ्या बहिणीचं बघून लागलेली सवय. दहावीत लघवीची जळजळ, ताप. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितेस? आईसमोर मला उत्तर देता आलं नाही. पाण्याच्या चर्चेत संडास नेहमी मागे राहतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

*

मी प्लंबर आहे, वस्त्यांतलीच कामं करतो. कित्येक ठिकाणी पाण्याचे पाइप गटारातूनच गेलेले असतात. पाणी बंद झालं की पाइप रिकामा पडतो, आणि सांध्याला गळती असेल तर गटारातली घाण आत खेचली जाते. कोणी मोटर लावून ओढत असेल तर आणखीच. म्हणून सुरुवातीचं पाणी काळपट येतं, वास मारतं. ते सोडून द्या. पण नंतरचं स्वच्छ दिसलं तरी उकळूनच प्या, पावसाळ्यात तर नक्कीच. माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली होती ती चकचकीत दिसणाऱ्या पाण्यानेच.

*

मी नाइट शिफ्टला. घरी यायचो आठला, पाणी सातला जायचं. एकटा राहत होतो. निघताना ड्रममध्ये पाइप सोडून दुसरं टोक शेजारच्या मावशींच्या कडीला बांधून जायचो. आधी त्यांचं भरायचं, मग माझं. आल्यावर बघावं तर ड्रम काठोकाठ, झाकणावर वीट ठेवलेली, आणि पाइप गुंडाळून खिळ्याला.