मंगळावर जायचं तर आधी कृत्रिम गुरुत्वाकर्षण हवंच का?

खगोलवेडा:
मंगळमोहिमेचा विषय निघाला की "आधी गोल फिरणारं यान बांधा, गुरुत्वाकर्षण तयार करा" असा हट्ट सुरू होतो. मला तो पटत नाही, कारण मेंदू शिकतो. वजनरहित अवस्थेत आतल्या कानाला "खाली" कुठे ते कळेनासं होतं. सुरुवातीचे काही दिवस बऱ्याच जणांना मळमळतं, मग मेंदू कानापेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबतो. रशियन अंतराळवीर डॉ. व्हालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये मीर या रशियन अंतराळ स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले आणि पृथ्वीवर उतरल्यावर खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. मंगळावर पोचून माणूस काम करू शकेल, हेच त्यांना दाखवायचं होतं.

मेधा_के:
पोल्याकोव्हांबद्दल मलाही प्रचंड आदर आहे. पण चार पावलं चालणं वेगळं आणि संकटात यान हाताने उतरवणं वेगळं. १९९८ च्या न्यूरोलॅब या नासाच्या मज्जासंस्था-अभ्यासाच्या अंतराळ मोहिमेत अंतराळवीरांना वरून येणारा चेंडू झेलायला लावला होता. पृथ्वीवर पडणाऱ्या चेंडूचा वेग वाढत जातो, तिथे तो एकाच वेगाने येतो, तरी त्यांचे हात वेळेआधीच हलायचे. डोळ्यांना खरा वेग दिसत होता, पण मेंदू पृथ्वीचाच हिशेब धरून बसला होता! पंधराव्या दिवशीही ती सवय पुरती सुटली नव्हती. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. म्हणजे वाटेत वजनरहित अवस्थेचा दुसरा हिशेब शिका आणि उतरताना लगेच तिसरा.

खगोलवेडा:
म्हणूनच उतरण्याचं काम संगणकाकडे द्यावं आणि पहिले काही दिवस माणसांनी यानातच राहावं. फिरत्या यानाची वाट बघत बसलो तर आणखी एक पिढी जाईल.

एमआरआयवाला:
तुम्ही दोघं सवयीबद्दल बोलताय. मेंदूची रचनाही बदलते, ते सोडून कसं चालेल? ३० अंतराळवीरांच्या एमआरआयवर २०२३ साली अभ्यास आला. मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या पहिल्या सहा महिन्यांत रुंदावतात, पुढे तो वेग मंदावतो. दोन मोहिमांत तीन वर्षांपेक्षा कमी अंतर असेल, तर त्या पूर्ववत व्हायला तेवढा काळ पुरत नसावा.

खगोलवेडा:
पुढे वेग मंदावतो, हे माझ्याच बाजूने जातं.

मेधा_के:
रुंदावलेली पोकळी लगेच पूर्ववत होत नाही, त्याचं काय? निदान स्थानकावरून परतणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच तासात, कुणाच्याही आधाराशिवाय, सिम्युलेटरवर यान हाताने उतरवायला द्या. त्यात बहुतेकजण पास झाले तर फिरत्या यानाचा आग्रह मी सोडेन.