टर्मिनलला स्क्रिप्टने उत्तरं देणारे, या इकडे (एक्स्पेक्टचे अनुभव)

रातकिडा

काल ऑफिसात एक जुना सर्व्हर बंद करायचा होता. त्यावरचं काय ठेवायचं, काय उडवायचं बघायला बसलो आणि 'कॉमन डॉट एक्स्प' नावाची फाइल सापडली. टेलिकॉमच्या नाइट शिफ्टमधली. राउटर-स्विचमध्ये शिरून रोजची कॉन्फिग उतरवून घेणाऱ्या जेवढ्या स्क्रिप्ट होत्या, त्या सगळ्या हिच्या जिवावर चालायच्या. आवराआवर राहिली बाजूला, वाचतच बसलो.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: एसएसएच (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम) पासवर्ड थेट टर्मिनलवरून वाचतं, दुसऱ्या प्रोग्रॅमने पाइपमधून ढकललेला घेत नाही. तिथे एक्स्पेक्ट कामाला येतं. डॉन लाइब्स यांनी अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेत असताना १९९० च्या सुमारास टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेवर एक्स्पेक्ट बांधलं. ते खोटं टर्मिनल उभं करतं आणि समोरच्या प्रोग्रॅमला वाटतं माणूसच बसलाय. प्रोग्रॅम स्पॉन करा (म्हणजे सुरू करा), अमुक दिसेपर्यंत थांबा, तमुक पाठवा. झालं.

पण तेवढ्यावर कुणाचं भागत नाही. तेच तेच दहा स्क्रिप्टमध्ये लिहायची वेळ आली की माणूस प्रोक (टीसीएलमधलं फंक्शन) लिहायला लागतो. आमच्या फाइलीत लॉगिन, एनेबल (राउटरवर जास्तीचे अधिकार घेणं), कमांड चालव, बाहेर पड, एवढेच प्रोक. त्यातला 'कमांड चालव' बघण्यासारखा. कमांड पाठवायची आणि मग एकाच वेळी तीन गोष्टींकडे डोळे लावून बसायचं. प्रॉम्प्ट (पुढची कमांड द्या अशी खूण) आला तर मधलं आउटपुट परत द्यायचं. 'मोअर' (पडदा भरला, अजून आहे) आलं तर स्पेस पाठवून एक्स्प-कंटिन्यू, म्हणजे परत तिथेच वाट बघत बसायचं. टाइमआउट झाला तर डिव्हाइसचं नाव लॉगमध्ये टाकून पुढच्याकडे. टाइमआउट मुळात १० सेकंदांचा असतो. मोठा राउटर 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' म्हणून गप्प बसतो त्यातच तेवढे जातात, म्हणून प्रोकला टाइमआउट वेगळा द्यायची सोय होती.

आमच्या एका सिनियर मॅडमनी लिहिलेली फाइल. सगळ्यात वर कॉमेंट: 'यात स्लीप घालणाऱ्याने टीमला चहा पाजावा.' अख्ख्या फाइलीत खरंच एकही स्लीप, म्हणजे 'इतके सेकंद नुसतं थांब', नाही. समोरचा काय म्हणतोय ते बघून बोला, घड्याळ बघून नाही, असा त्यांचा खाक्या.

तुमच्याकडेही असल्या फायली असणार. लिहा.

चकलीचोर

असवर्ड!!! 😂 ज्यांना कळलं त्यांनी हात वर करा

रातकिडा

✋ आमच्या फाइलीत पण तसंच आहे

बिनसाखरेचा

मला नाही कळलं. टायपो आहे का?

चकलीचोर

नाही हो, मुद्दाम. एखादी मशीन मोठा पी घालून 'पासवर्ड' विचारते, एखादी लहान. मग पहिलं अक्षरच सोडून द्यायचं आणि उरलेल्याची वाट बघायची. दोन्ही जुळतात. नवीन मुलं कोड रिव्ह्यूमध्ये हे 'दुरुस्त' करतात दर वेळी.

मोडेमकाका

हे एक्स्पेक्टच्याही बाहेरचं आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलचं इंटरनेट सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी घरी लिनक्स टाकलं. डायल-अप जोडायला पीपीपीबरोबर (फोन लाइनवरून इंटरनेट जोडणारं सॉफ्टवेअर) 'चॅट' नावाचा छोटा प्रोग्रॅम यायचा. त्याची स्क्रिप्ट म्हणजे नुसत्या जोड्या. याची वाट बघ, हे पाठव. आधी काही न बघता एटीझेड (मोडेम रीसेट), मग ओके आलं की एटीडीटी (डायल कर) आणि नंबर, मग कनेक्ट, मग 'ऑगिन', मग 'सवर्ड'. हो, तिथेही पहिली अक्षरं कापलेलीच. आणि 'बिझी' दिसलं तर अबॉर्ट.

त्यात एक झकास सोय होती. 'ऑगिन' नाही आलं तर एक रिटर्न मारून परत 'ऑगिन'ची वाट बघ, हे सगळं एकाच शब्दात दोन डॅश घालून लिहायचं. समोरचा गप्प बसला की जरा हटकायचं, तसं.

बिझी लागायचं नेहमी. स्क्रिप्ट लूपमध्ये टाकून जेवायला जायचो. जेवताना आतल्या खोलीतून मोडेमची किंचाळी आली की आई म्हणायची, लागला बघ तुझा फोन, आता तासभर कुणी मेलं तरी कळायचं नाही आपल्याला.

सुप्रिया_ठाणे

मोडेमकाका 😂😂 आमच्याकडे बाबा रिसीव्हर उचलून बघायचे 'अजून चालू आहे का'. लाइन कट.

मोडेमकाका

त्यावर एक्स्पेक्टकडेही उपाय नाही.

घाटावरची

मी सॉफ्टवेअरवाली नाही, एम्बेडेडवाली. आमच्या लॅबमध्ये बोर्ड असतात, सिरियल केबल लावलेले. यू-बूट (बोर्डाचा बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम) चालू होताना 'हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट' म्हणतं आणि पुढे सेकंद उलटे मोजतं. तेवढ्यात की दाबली नाही तर गाडी पुढे गेली. मग बोर्ड बंद करा, परत चालू करा. माणसाच्या हातून हे सारखं सुटतं, विशेषतः दुपारी जेवणानंतर.

आमचा प्रोक रिले वापरून बोर्डाची पॉवर पाडतो, परत देतो, ती ओळ पकडतो, की पाठवतो, बूटलोडरचा प्रॉम्प्ट हातात आला की परत येतो. त्याच्यावर बाकी सगळ्या टेस्ट. रात्रभर नवीन कर्नल चढवून सकाळी कुठला बोर्ड पडला ते बघायचं. जीसीसी या कंपायलरच्या टेस्टसुद्धा डेजाग्नू हे टेस्टिंगचं सॉफ्टवेअर वापरून चालतात आणि ते एक्स्पेक्टवरच उभं आहे, त्यामुळे कुणी 'जुनाट' म्हटलं की मी हे तोंडावर फेकते.

(कुकर लावलाय, नंतर येते)

सह्यकडा

प्रोकमध्ये स्पॉन करणाऱ्यांनो, ग्लोबल स्पॉन-आयडी लिहिता ना? (स्पॉन-आयडी म्हणजे चालू सेशनची ओळख, ग्लोबल म्हणजे प्रोकच्या बाहेरही दिसणारा.) नवीन माणूस हमखास इथे अडकतो. लॉगिन प्रोक छान चालतो, बाहेर आलं की पुढचं काहीच चालत नाही. एक्स्पेक्ट टाइमआउट वगैरे वाचताना आधी प्रोकच्या आत बघतं, नाही मिळालं तर बाहेर. पण लिहिताना मात्र फक्त आत लिहितं. प्रोक संपला की स्पॉन-आयडी गेला, सेशन जिवंत पण आपल्या हाताला लागत नाही. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. मॅन्युअल कोण वाचतो.

एक्स्पेक्ट-आउटचंही तेच. प्रोकमध्ये जुळलेलं आउटपुट बाहेर हवं असेल तर रिटर्न करा किंवा ग्लोबल करा.

निळावंती

धागा काडीचा कळला नाही पण नवऱ्याला वाचून दाखवला, तो 'असवर्ड'ला इतका हसला की चहा सांडला. तुम्ही लोक बरे आहात ना?

चकलीचोर

नाही 🙂

पाटबंधारे

आमच्या तालुक्याच्या एका सहकारी संस्थेत जुनं युनिक्सवरचं सॉफ्टवेअर होतं. काळा पडदा, मेनू, फंक्शन की. दिवसाअखेरीला डे-एंड चालवायचं आणि ते मध्ये मध्ये थांबून वाय किंवा एन विचारायचं. कधी विचारेल त्याचा नेम नाही. एक क्लार्क फक्त वाय दाबायला रात्री उशिरापर्यंत थांबायचा. घरी लहान पोरगी, बायको माहेरी नसतानाही माहेरी गेल्यासारखी रुसलेली.

ते एक्स्पेक्टने करायला घेतलं तेव्हा कळलं की अशा पडद्यावर अक्षरं सलग येतच नाहीत. कर्सर इथून तिथे उडतो, मध्ये एस्केप कोड (पडद्याला दिलेल्या छुप्या सूचना), रंग. आपल्याला 'डे एंड कम्प्लीट' दिसतं पण वायरवरून येतं भलतंच, शब्दांच्या मध्ये कचरा. आख्खं वाक्य जुळवायचा नाद सोडला आणि प्रत्येक पडद्यावरचा एकच न तुटणारा शब्द धरला. 'पडदा ये' नावाचा प्रोक केला, त्याला शब्द द्यायचा, तो मधला कचरा गिळतो.

दुसरी गंमत, ते सॉफ्टवेअर भरभर टाइप केलेलं खायचं. चार अक्षरं पाठवली तर दोनच पोचायची. एक्स्पेक्टमध्ये सेंड-स्लो आहे, एकेक अक्षर ०.१ सेकंदाने. तो लावला आणि सुरळीत. सेंड-ह्यूमन पण असतं, माणसासारखं कमीजास्त वेगाने टाइप करणारं. क्लार्कला ते लावून दाखवलं, म्हणाला साहेब हे तर माझ्यापेक्षा बरं टाइप करतंय.

पुढे तो साडेसहाच्या एसटीने जायला लागला.

सुप्रिया_ठाणे

हा बेस्ट अनुभव. बायकोने रुसवा सोडला का ते पण लिहा

पाटबंधारे

ते सॉफ्टवेअरच्या कक्षेबाहेर.

मूळव्याप

पासवर्ड फाइलीत साधा लिहून ठेवलाय ना सगळ्यांनी? खरं सांगा. १९९५ पासून एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) असते तरी लोक हेच करतात. एसएसएचपासला (एसएसएचला पासवर्ड पुरवणारा प्रोग्रॅम) कमांड लाइनवर पासवर्ड देणारे तर धन्य, पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी) मारला की दिसू शकतो. उद्या कुणी सर्व्हरमध्ये शिरलं की अख्खं नेटवर्क ताटात वाढून दिलंत.

रातकिडा

बरोबर आहे तुमचं. पण आमच्याकडचे काही स्विच असे होते की फक्त टेलनेट (एसएसएचच्या आधीचं जुनं लॉगिन), की कुठे ठेवणार? फाइल रूटशिवाय (सर्व्हरचं मुख्य खातं) कुणाला वाचता येत नव्हती आणि स्क्रिप्ट ज्या खात्याने स्विचमध्ये शिरायची ते नुसतं बघू शकणारं, बदल करू न शकणारं. एवढंच हातात होतं.

मूळव्याप

टेलनेटवर तो पासवर्ड तसाही उघडाच जातो म्हणा. असो, वाद नको, चतुर्थी आहे.

कुठेतरी_टोरांटो

२०१९ ची आठवण. एका क्लायंटकडे सगळं लॉगिन एक्स्पेक्टने. नवीन मशीन पहिल्यांदा दिसली की एसएसएच विचारायचं, पुढे जायचं का, कंसात यस-नो. तेच पॅटर्न. ओपनएसएसएच ८.० आलं आणि कंसात तिसरा पर्याय घुसला, फिंगरप्रिंट. यस-नोच्या पुढे कंस बंद व्हायचा तिथे आता स्लॅश. पॅटर्न जुळेना, स्क्रिप्ट नुसत्या बसून.

त्यांच्याकडे दोन टीम होत्या. एकीने लॉगिन प्रोक वेगळा काढलेला, त्यांनी एका ओळीत शेवटचा कंस काढून टाकला आणि जेवायला गेले. दुसऱ्यांनी प्रत्येक स्क्रिप्टमध्ये कॉपी-पेस्ट केलेलं. ते आठवडाभर ग्रेप आणि सेड (फायलींत शोधा आणि बदला). मी दुसऱ्यांना मदत करायला होतो, बाहेर मरणाची थंडी आणि आत हे.

घाटावरची

आले. भात लागला. ऑटोएक्स्पेक्ट कुणी वापरता का? आपण टर्मिनलवर जे करू ते रेकॉर्ड करून स्क्रिप्ट लिहून देतं. आमच्या इंटर्नने ते वापरून दिलं, तेव्हा चाललं. दुसऱ्या दिवशी बसलंय लटकून. बघते तर स्क्रिप्ट 'लास्ट लॉगिन' आणि कालची तारीख-वेळ जशीच्या तशी यायची वाट बघतेय! शिवाय त्यात टाइमआउट उणे एक असतो, म्हणजे कल्पांतापर्यंत थांबणार. कच्चा मसुदा म्हणून बरं आहे, नंतर कात्री लावायची.

सुप्रिया_ठाणे

लागला की करपला?

घाटावरची

थोडा.

बिनसाखरेचा

आता हे सगळं पायथनमध्ये पीएक्स्पेक्टने होतं ना? नेटवर्कवाल्यांना नेटमिको नावाची पायथन लायब्ररी आहे, त्यात प्रॉम्प्ट ओळखणं, पेजिंग (ते 'मोअर') बंद करणं सगळं आधीच लिहिलेलं. टीसीएल शिकायला कोण जाणार.

सह्यकडा

चिप डिझाइनमध्ये या, सिनॉप्सिस-केडन्स सगळ्यांच्या टूलमध्ये टीसीएलच. पुण्या-बंगळुरातली व्हीएलएसआयची पोरं झोपेत टीसीएल लिहितात. आणि नेटमिकोच्या पोटात तुम्ही म्हणता तेच प्रोक आहेत, फक्त ते दुसऱ्याने लिहिलेत.

नवा_गडी

मदत हवी. माझी स्क्रिप्ट हाताने चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालवणारं) नाही. लॉगिन होतं, पहिल्या कमांडला टाइमआउट.

सह्यकडा

शेवटी इंटरॅक्ट (सेशन माणसाच्या हातात देणारी कमांड) लिहिलंय का? क्रॉनकडे टर्मिनलच नसतं, ते काढा. आणि क्रॉनमध्ये टर्म व्हेरिएबल (टर्मिनल कुठल्या प्रकारचं ते सांगणारं) सेट नसतं, त्यामुळे पलीकडचा प्रॉम्प्ट वेगळा येऊ शकतो. हाताने रंगीत, क्रॉनमधून साधा, किंवा उलटं. एक्स्प-इंटर्नल १ करून चालवा, काय आलं आणि कशाशी जुळवायला बघतोय ते प्रत्येक अक्षरासकट दिसतं.

नवा_गडी

केलं. हे आलं: "सेंड: सेंडिंग '\*\*\*\*' टू एक्स्प६", मग प्रॉम्प्ट, मग 'डझ इट मॅच? नो'. माझ्या पॅटर्नमध्ये डॉलरनंतर लगेच ओळ संपते, इथे डॉलरनंतर एक स्पेस दिसतोय.

सह्यकडा

तेच. स्पेस असो-नसो दोन्ही चालेल असा रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा, महिरपी कंसात, नाहीतर चौकोनी कंस टीसीएल कमांड समजून चालवायला जाईल.

मूळव्याप

नवा गडी, चांदण्या घातल्यात म्हणून वाचलात. एक्स्प-इंटर्नल पासवर्डही उघडा छापतं. तो लॉग आता सर्व्हरवर कुठे पडलाय ते बघा आणि पुसा.

नवा_गडी

चांदण्या रातकिडांनी व्यनि (खासगी निरोप) करून घालायला लावल्या 🙏 लॉग पुसला, पासवर्ड पण बदलला. क्रॉनमधून चाललं!!

चकलीचोर

बदललेला स्क्रिप्टमध्ये टाकलात ना

नवा_गडी

एक मिनिट