मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यावं की भाव अजून उतरायची वाट बघावी? (परभणी, ऑक्टोबर २०२२, बजेट २५ हजार)

नमस्कार मंडळी,

ग्राफिक्स कार्ड बदलायचं बरेच दिवस मनात आहे, पण दर आठवड्याला काहीतरी नवीन वाचनात येतं आणि निर्णय पुढं जातो. दिवाळी आठवड्यावर आली. बोनसचे पैसे हातात आहेत, ते दुसरीकडं वळायच्या आत ठरवायचं आहे. माहिती जरा सविस्तर देते, म्हणजे तुम्हाला सल्ला द्यायला सोपं जाईल.

पीसी असा आहे: आय५-१०४००एफ, एच४१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० (४ जीबी मेमरी), ४५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), १०८०पी ७५ हर्ट्झचा मॉनिटर. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस, कारण आमच्या भागात लाईटचा भरवसा नाही आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं.

पीसी मी आणि धाकटा भाऊ मिळून वापरतो. मी दिवसा घरूनच हिशेबाचं काम करते, तो इथल्या कृषी विद्यापीठात शिकतो. रात्री जेवणं झाली की खेळायला बसतो; एक जण खेळतो, दुसरा शेजारी बसून रस्ता सांगतो. दिवसभरात आम्ही दोघं निवांत एकत्र बसतो ती हीच वेळ, म्हणून या खर्चाचा मी एवढा विचार करतेय. व्हॅलोरंट गेमला १६५० पुरून उरतं. एल्डन रिंग कसंबसं निभावलं. पण सायबरपंक २०७७ ला सगळं लो वर ठेवूनही सेकंदाला फ्रेम्स तिशीच्या आसपासच राहतात, आणि टेक्श्चर जरा वाढवलं की ४ जीबी भरून जातात, गाडी चालवताना चित्र थबकतं. सप्टेंबरमध्ये त्याचा १.६ अपडेट आल्यापासून भावाला तो गेम पूर्ण करायचा ध्यास लागलाय, आणि मलाही.

आता बाजाराचं. गेली दोन वर्षं कार्डं मिळत नव्हती, मिळाली तर दुप्पट भावानं. आता उलटं झालंय. क्रिप्टोचे (डिजिटल चलनांचे) भाव आधीच कोसळले होते, त्यात १५ सप्टेंबरला इथेरियम या चलनानं आपली पद्धतच बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम माइन करणं (म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं) एका दिवसात बंद झालं. कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हीडियानं ऑगस्टमध्ये तिमाहीचे आकडे दिले त्यात गेमिंगची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा ३३ टक्क्यांनी घटून २०४ कोटी डॉलरवर आली, आणि मुख्यतः पडून राहिलेल्या साठ्यापोटी १३० कोटी डॉलरहून जास्त रक्कम खर्ची टाकावी लागली. माल जास्त झालाय हे कंपनी स्वतःच सांगतेय.

मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की त्याच दिवशी सौद्यात भाव उतरलेला दिसतो. कार्डांचं तसं होताना मला दिसत नाही, आणि माझी खरी अडचण ही आहे. मी हिशेब करून पाहिला. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची मूळ किंमत ३२९ डॉलर. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर ७४ रुपयांच्या घरात होता, तेव्हा त्याचे १८ टक्के जीएसटी धरून साधारण २८,७०० होत. आता डॉलर ८२ च्या वर गेलाय. तेच ३२९ डॉलर आज जीएसटीसकट ३१,८०० होतात. म्हणजे तिकडं भाव दहा टक्क्यांनी उतरला तरी आपल्याकडं फक्त रुपयाची घसरण भरून निघते, हातात काही पडत नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं आरएक्स ६६०० सुद्धा निघालं तेव्हा ३२९ डॉलरचंच होतं, तिकडं आता अडीचशेच्या आसपास दिसतंय. त्याच हिशेबानं ते इथं २४ हजारांच्या थोडं वर पडायला हवं. परभणीत मागवून देणारे २८ सांगतात. त्यांना दोष देत नाही, त्यांनी माल भरला तेव्हाचा भाव वेगळा होता. पण मग हा फरक कधी खाली येणार, की येणारच नाही?

नवीन पिढीची वाट बघावी, तर आरटीएक्स ४०९० बुधवारी विक्रीला आलं ते १५९९ डॉलरला. ४०८० चं १२ जीबीचं मॉडेल कंपनीनं शुक्रवारी मागंच घेतलं. एएमडी ३ नोव्हेंबरला नवीन कार्डं जाहीर करणार आहे, पण तीही वरच्या किमतीची असणार. मागच्या खेपेला ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये आलं आणि ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. गोदामं जुन्या मालानं भरलेली असताना या वेळी स्वस्तातलं कार्ड आणायची घाई कोण करेल?

भावाचं म्हणणं, जुनं घे. औरंगाबाद आणि सिकंदराबादच्या जाहिराती तो रोज दाखवतो. ३०६० टीआय २२ हजारांत! पण एकाच माणसाकडं तेच कार्ड चार नग, चारही एकाच टेबलावर मांडून काढलेले फोटो, आणि बिल एकाचंही नाही. हे माइनिंगचे असणार हे उघड आहे. असलं कार्ड आमच्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल का? मे महिन्यात इथं पारा ४३ च्या पुढं जातो, खोलीत कूलर असला तरी दुपारी धूळ आणि दमटपणा दोन्ही असतं.

तर सांगा: नवीन आरएक्स ६६०० वर थांबू, थोडे पैसे घालून ३०६० घेऊ, जुन्या ३०६० टीआय चा धोका पत्करू, की १६५० वरच अजून सहा महिने काढू? एसएमपीएस आणि यूपीएस बदलायची वेळ आली तर बजेट कोलमडेल, तेही लक्षात घ्या.

पुणे-नांदेड अपडाऊन:
ताई, थांबा. आत्ता घेणं म्हणजे उतरत्या बाजारात घेणं. माइनिंगवाल्यांनी सगळा माल अजून बाहेर काढलेला नाही, कित्येक जण भाव परत चढतील या आशेवर बसलेत. ते कंटाळले की जुन्याचे भाव पडतील आणि जुन्याच्या दबावानं नव्याचेही. मार्चपर्यंत कळ काढा.

लातूरकर:
माझं लातूरला दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं जुन्या कार्डांबद्दल चार गोष्टी सांगतो. माइनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं नसतं. समजूतदार माइनर पॉवर कमी करून चालवतो आणि चिप एकाच तापमानाला राहते. झिजतात ते पंखे, कारण ते दिवसरात्र फिरलेले असतात, आणि वाळतात ते मेमरीची उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड, कारण इथेरियमचं काम मेमरीवरच पडायचं. पंखा मिळतो, पॅड बदलता येतात. पण ते काम कोणी तरी जवळ असेल तर. परभणीत बसून घेतलेलं कार्ड बिघडलं तर तुम्ही ते घेऊन औरंगाबाद नाही तर पुणे गाठणार, आणि बिल नसेल तर सर्व्हिस सेंटर दारातूनच परत पाठवू शकतं.

घ्यायचंच असेल तर बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळतो का ते बघा, वॉरंटी किती उरली हे कंपनीला आधी विचारा. विकणाऱ्याच्याच पीसीवर अर्धा तास जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके येतात का बघा. स्क्रूवर उघडल्याच्या खुणा असतील तर कोणी उघडलं, का उघडलं, सरळ विचारा. चार नग बिलाशिवाय विकणारा माणूस यातलं काही करू देणार नाही. बहीण समजून सांगतो, तो सौदा सोडा.

जुना गेमर, बीड:
कोणी रॅमबद्दल बोललं नाही. ८ जीबीची एकच स्टिक म्हणजे तुमचा प्रोसेसर अर्ध्या वाटेनं मेमरी वाचतोय. सायबरपंक गाडीत बसल्यावर थबकतो त्यातला काही भाग ग्राफिक्स कार्डाचा नसून रॅमचा आहे. कार्डाआधी दुसरी ८ जीबी टाका, दोनेक हजारांचं काम. मग १६५० वर पुन्हा खेळून बघा. कार्ड लागेलच, पण कशासाठी लागतंय ते नीट कळेल.

धागाकर्ती:
रॅमचा सल्ला एकदम पटला, ती उद्याच मागवते. जुन्या कार्डाचा विषय लातूरच्या दादांमुळं मिटला. भावालाही वाचून दाखवलं. थांबण्याबद्दल मात्र मला शंका आहे. मार्चमध्ये तिकडं भाव पडतील हे मान्य, पण तोवर डॉलर ८५ ला गेला तर? आणि मार्चनंतर भावाची परीक्षा, मग उन्हाळा. खेळायचे दिवस हे आत्ताचे आहेत, थंडीचे. शंभर-दोनशे नाही, तीन-चार हजार वाचणार असतील तरच थांबण्यात अर्थ आहे असं मला वाटतं. नवीनच घ्यायचं तर ६६०० की ३०६०, यावर कोणी लिहाल का?

औरंगाबाद सिडको:
तुमच्या जागेवरून बघितलं तर ६६००. सगळ्यात मोठं कारण वीज. ६६०० ला १३२ वॅट लागतात, ३०६० ला १७०, ३०६० टीआय ला २००. एएमडी ६६०० साठी ४५० वॅटचा एसएमपीएस पुरे म्हणते, ३०६० ला एनव्हीडिया ५५० मागते. तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचा असणार, मागच्या स्टिकरवर बघा. ६६०० बरोबर मॉनिटर धरून खेळताना २७० च्या आसपास जाल, लाईट गेली तर सेव्ह करून बंद करायला वेळ मिळेल. टीआय घेतलं असतं तर यूपीएस काठावर आला असता.

उष्णतेचंही तेच. कमी वॅट म्हणजे खोलीत कमी गरमी, आणि मे महिन्यात परभणीत हा फरक जाणवतो.

उणी बाजूही सांगतो. ६६०० बोर्डाशी बोलायला आठच लेन (मार्गिका) वापरतं आणि तुमच्या बोर्डाचा स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० चा, त्यामुळं थोडा वेग जातो. १०८०पी ला, त्यातही ७५ हर्ट्झवर, तो डोळ्यांना कळणार नाही. रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यात) ३०६० पुढं आहे, चित्र कमी दर्जात काढून मग मोठं करत फ्रेम्स वाढवणारं डीएलएसएसही त्यातच आहे, आणि मेमरी १२ जीबी. उद्या व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडर करायचं असेल तर ३०६० साठी जास्तीचे पैसे द्या. फक्त खेळायचं असेल तर साध्या गेमिंगमध्ये दोघांत फार अंतर नाही.

एक विचारायचं राहिलं. १६५० ची बरीच मॉडेल्स थेट स्लॉटमधून वीज घेतात. ६६०० ला ८ पिनची वायर लागते. तुमच्या एसएमपीएसला ती आहे का? कॅबिनेट उघडून बघा. आणि चार पिनच्या मोलेक्सवरून (जुन्या प्रकारच्या वीज जोडणीवरून) कन्व्हर्टर लावा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

पुणे-नांदेड अपडाऊन:
हे वाचून मी थोडा मागं सरकतो. तीन-चार हजारांचा फरक पडेल असं मला अजूनही वाटतं, पण रुपयाचं मी धरलं नव्हतं. निदान दिवाळीच्या सेलमधले भाव बघूनच घ्या. दुकानदाराला ऑनलाइनचा भाव दाखवा, बरेच जण हजार-पाचशेच्या फरकानं देतात, आणि काही झालं तर दार ठोठवायला माणूस जवळ असतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅबिनेट उघडून बघितलं. ६+२ पिनची वायर आहे, मागं गुंडाळून बांधून ठेवलेली होती, कधी वापरलेलीच नाही. यूपीएसवर ३६० वॅट लिहिलंय, म्हणजे सिडकोवाल्या दादांचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. रे ट्रेसिंग आम्हाला नको आणि एडिटिंग दोघांपैकी कोणी करत नाही, त्यामुळं ३०६० चा विचार सोडला.

ठरवलंय ते असं: रॅम लगेच. ६६०० बिलासकट २५ हजारांच्या आत मिळालं तर लक्ष्मीपूजनाच्या आधी घेणार, आधी इथल्या दुकानात विचारून. नाही मिळालं तर ३ नोव्हेंबरला एएमडीनं काय जाहीर केलं ते बघून आठवडाभर भाव तपासणार. त्याच्या पुढं मात्र थांबणार नाही.

आता एकच विचारायचं उरलं. दुकानात आज दोन कंपन्यांची ६६०० दाखवली, एक दोन पंख्यांचं आणि एक एकाच पंख्याचं, किमतीत पंधराशेचा फरक. आमच्याकडची धूळ आणि उन्हाळा बघता एका पंख्याचं चालेल का? कोणी उन्हाळ्यात वापरलं असेल तर तापमान किती जातं ते कृपया लिहा, बाकीचं मी बघते.