यंदा कुठलं नाटक लक्षात राहिलं? आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

वैद्य काकू (ए-४०२): नाटकवाले मंडळी, २०२५ संपत आलं. जानेवारीचं बुकिंग ठरवायच्या आधी प्रत्येकाने सांगा, यंदा पाहिलेल्यातलं काय लक्षात राहिलं? नुसतं ‘छान होतं’ चालणार नाही. आणि मध्येच सुप्रभातचे फोटो टाकू नका, कृपया.

सावंत (सी-१०१): बटाटावडा.

वैद्य काकू: सावंत, तुम्ही नाटकाला येता की मध्यंतराला?

सावंत: दोन्हीला. पण मध्यंतर कधी फसत नाही.

सानिका (बी-७०३): काकू, माझं ‘फँटम ऑफ द ऑपेरा’. मार्चमध्ये बीकेसीला आलं होतं ना, नीता मुकेश अंबानी सेंटरला. ते झुंबर डोक्यावरून खाली येतं तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला! मग पाणी, धुकं, मेणबत्त्या, ती होडी... असं काही मी स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं.

सावंत: तिकीट केवढ्याचं होतं ते पण लिही. आमचा अख्खा मजला सौभद्रला गेला असता तेवढ्यात.

कुलकर्णी काका (डी-२०४): सानिका, माहितीसाठी. हे नाटक लंडनला १९८६ साली आलं आणि ब्रॉडवेवर जानेवारी १९८८ ते एप्रिल २०२३ चाललं, मध्ये कोविडमुळे बंद होतं तेवढं सोडून. १३,९८१ प्रयोग. एवढे प्रयोग झालेलं दुसरं नाटक ब्रॉडवेवर नाही.

सावंत: काका, गुगल करून लिहिता की पाठ आहे?

कुलकर्णी काका: पाठ आहे.

पाटील, सेक्रेटरी: उद्या टाकी धुण्याचं काम आहे. सकाळी १० ते २ पाणी येणार नाही. भरून ठेवावे.

वैद्य काकू: सानिका, तुझं पटतं मला. मुलाने नेलं म्हणून मीही बघून आले, आणि भारावले. खोटं कशाला बोलू? पण घरी येताना रिक्षात मनात आलं, की हे झुंबर काल याच क्षणाला पडलं असणार आणि उद्याही याच क्षणाला पडणार. ती माणसंही प्रत्यक्ष गातात, गळा पणाला लावून गातात, पण सगळं मिनिटामिनिटाला बांधलेलं. बांधलेलं असायलाच हवं म्हणा, वर एवढं मोठं धूड लटकतंय.

आता आपलं सौभद्र आठव. मी अगदी पुढे डाव्या बाजूला होते, म्हणून मला ऑर्गनवाले पूर्ण दिसत होते. चपला काढून ठेवलेल्या, पाय भात्यावर, आणि डोळे? पट्ट्यांकडे एकदाही नाहीत. सगळा वेळ गाणाऱ्याच्या तोंडाकडे. सुभद्रेचा वरचा स्वर एकदा निसटला, तर त्यांनी तो तिला अलगद खालून दिला आणि लगेच हात हलका केला. मागच्या रांगेत कुणाला कळलंही नसेल.

आणि ‘नच सुंदरि करू कोपा’ला वन्स मोअर आला तेव्हाची गंमत! कृष्णाने समजूत काढून काढून रुक्मिणी जरा कुठे विरघळली होती. वन्स मोअर म्हटल्यावर बिचारी पुन्हा पाठ फिरवून, गाल फुगवून बसली. दुसऱ्या वेळी त्या मुलाने पद तेच घेतलं, पण मधली जागा निराळीच घेतली. तबलजीने मान वर करून पाहिलं आणि गेला ना त्याच्याबरोबर! रुक्मिणीचा खांदा हसण्याने हलत होता. ते दृश्य त्या रात्रीपुरतंच. माझं उत्तर हेच. वर्षभरातलं मला ते ऑर्गनवाले आठवतात.

सानिका: काकू 🙏 मी तेव्हा पाचव्या रांगेत होते, मला फक्त खांबाएवढे एक गृहस्थ दिसत होते.

नाईक वहिनी (बी-३०१): काकू, अगदी! आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला हेच बघत मोठी झाले मी. फोंड्याच्या बाजूला अजून गावातलीच माणसं संगीत नाटक बसवतात. दिवसभर बँकेत बसणारा माणूस रात्री नारद. कृष्णाची आई पहिल्या खुर्चीत, आणि चुकला तर तीच आधी कपाळावर हात मारते. कला अकादमीची स्पर्धा असते ती वेगळीच, तिची तयारी तर महिनोन् महिने चालते. मला मुंबईकरांचं एक कळत नाही. संगीत नाटक म्हणजे आजोबांचं काहीतरी, असं बोलतात. तिकडे पंचवीस वर्षांची पोरं पदं बसवतात हो.

कुलकर्णी काका: वहिनी, साहजिकच आहे. मास्टर दीनानाथ तुमच्याच फोंड्याजवळच्या मंगेशीचे, अभिषेकीबुवाही मंगेशीचे.

सावंत: सगळं मान्य. पण वन्स मोअर बंद करा. प्रयोग लांबला की खाली रिक्षा मिळत नाही.

कुलकर्णी काका: सावंत, तुम्ही नशीबवान. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळात रात्री सुरू झालेलं नाटक वन्स मोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचं. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. लोक नाटकावरून थेट दूध घेऊन घरी जात असतील. आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मूळ सौभद्रात, १८८२ साली, शंभरच्या वर पदं होती. तुम्ही पाहिलं ते छाटलेलं. त्याआधी मराठी नाटक सुरू करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या वेळी, सांगलीला १८४३ मध्ये, सूत्रधारच सगळ्यांच्या वतीने गायचा. किर्लोस्करांनी पात्रांच्या तोंडी गाणं दिलं, म्हणून आज रुक्मिणीला रुसायला आणि कृष्णाला आळवायला मिळतं. शिवाय ८ जुलै १९२१ चा संयुक्त मानापमान घ्या, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर...

सावंत: काका, प्रयोग लांबतोय.

पाटील, सेक्रेटरी: टाकीचा मेसेज वर गेला म्हणून परत टाकतो. उद्या १० ते २ पाणी नाही.

देसाई (सी-६०२): माझं ‘असेन मी नसेन मी’. नीना कुळकर्णींनी विसरत जाणारी आई अशी उभी केली आहे की मध्यंतरानंतर मी बराच वेळ खालीच बघत होतो. आमच्या घरी आता तेच चाललंय, तुम्हाला माहीत आहे. आई मला कधी कधी ‘भाऊ’ म्हणते, तिचा भाऊ. नाटकातली मुलगी आईवर चिडते ना, ते बघून बरं वाटलं. म्हणजे चिडणारा मी एकटा नाही.

नाईक वहिनी: देसाई भाऊजी, पुढच्या प्रयोगाला तुम्ही दोघंही जा. संध्याकाळी मी बसेन आजींजवळ. मला त्या माहेरचीच समजतात, जुळतं आमचं.

देसाई: 🙏 विचारतो हिला.

सानिका: काकू, एक बोलू? तुमचं ऑर्गनचं सगळं खरं, पण पहिल्या रांगांपुरतं. मागे काय येतं? स्पीकरमधून ऑर्गन भसाभसा आणि शब्द गायब. एका नाट्यगृहात तर नायिकेच्या दागिन्यांचा खळखळाट पदापेक्षा मोठा ऐकू आला मला. फँटममध्ये सगळ्यात वरच्या रांगेतही श्वास ऐकू येत होता. माझ्या मैत्रिणींना मी संगीत नाटकाला आणते, त्या एकदा येतात आणि दुसऱ्यांदा येत नाहीत. गाणं जुनं वाटलं असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणालं नाही. ऐकूच आलं नाही म्हणतात.

वैद्य काकू: हे मात्र तू नेमकं बोललीस. माझी बहीण ऐकण्याचं यंत्र लावते, ती हेच म्हणते. पूर्वी माइक नव्हते तेव्हा नट छातीतून गायचे आणि नाट्यगृहंही बेताची होती. आता माइक आहे, पण कंपनीकडे ध्वनीसाठी दिवसभर आधी येऊन बसायला पैसे नाहीत. दुपारी दुसऱ्याचा प्रयोग, रात्री यांचा, मधल्या वेळात नेपथ्य लावायचं की आवाज तपासायचा? पाचशे रुपयांच्या तिकिटात किती होणार?

सानिका: मग तिकीट वाढवा ना थोडं. आम्ही देऊ.

सावंत: तू देशील. मी विचार करीन.

नाईक वहिनी: नवीन कुणी केलं की आवाज जमतो की. ‘देवबाभळी’ आठवा. २०१७ सालचं नाटक, बायका दोनच, तुकोबांची आवली आणि लखुबाई झालेली रखुमाई. दोघी स्वतः गातात आणि शब्दन् शब्द कळतो. आवलीच्या पायातला काटा विठ्ठलाने काढला, एवढ्यावर सगळं नाटक. माझ्या सासूबाई ते पाहिल्यापासून विठ्ठलाला जरा रागातच हाक मारतात.

कुलकर्णी काका: खरं आहे, पण त्याला मी परंपरेतलं संगीत नाटक म्हणणार नाही.

वैद्य काकू: काका, दोन बायका रंगमंचावर उभ्या राहून, भांडता भांडता गाऊन गोष्ट सांगतात. अजून काय हवं? मी तर म्हणेन किर्लोस्करांच्या घरचंच ते. तुम्हाला ऑर्गन आणि नऊवारी दिसली की तेवढंच संगीत नाटक वाटतं.

कुलकर्णी काका: यावर मी उद्या सविस्तर लिहितो.

सावंत: लिहू नका.

पाटील, सेक्रेटरी: टाकी. उद्या. १० ते २. आणि नाटकवाल्यांनी कृपया वेगळा ग्रुप करावा.

वैद्य काकू: पाटील, तुम्ही ‘शिकायला गेलो एक’ला प्रशांत दामल्यांच्या प्रत्येक वाक्याला टाळी देत होतात, तेव्हा सोसायटीच्या कामाची आठवण झाली नाही ती?

पाटील, सेक्रेटरी: ते कौटुंबिक होतं.

वैद्य काकू: बरं, कामाचं. गडकरी रंगायतन ऑगस्टमध्ये दुरुस्तीनंतर उघडलंय, तेव्हा यंदासारखं प्रत्येक वेळी घाणेकर नाट्यगृहालाच जायला नको. जानेवारीत एक संगीत आणि एक गद्य घेऊ. संगीताला सानिकाच्या मैत्रिणींना मी माझ्या खर्चाने पुढे बसवते, बघू पळतात का. बाल्कनी कुणालाही घ्यायची नाही, वाटल्यास एक रविवार थांबू. ॲपवर बुकिंग उघडलं की सानिका तिकिटं काढेल, पैसे तिला त्याच दिवशी. मागच्या वेळचे दोघांचे अजून यायचेत, नावं घेत नाही.

सावंत: पाठवले.

सानिका: मिळाले काका 😄

देसाई: आमची दोन. संगीताची.

नाईक वहिनी: दोन, आणि सासूबाईंना जिना नको.

सावंत: माझी दोन. फक्त कुलकर्णी काकांच्या शेजारी नकोत, ते सबंध नाटक सोबत म्हणतात.

कुलकर्णी काका: सबंध नाही. फक्त साक्या.