टोकियोतला खर्च आणि अर्धवेळ काम

टोकियोत जपानी शिकायला गेल्यावर अर्धवेळ काम करून भागतं का, हा प्रश्न आहे. पोटापुरतं भागतं, फीसुद्धा त्यातूनच काढायची म्हटलं तर अवघड. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी काढावी लागते आणि शाळा चालू असताना आठवड्याला 28 तासच काम करता येतं. खरा दणका घर भाड्याने घेताना बसतो. अनामत वेगळी आणि बऱ्याच ठिकाणी वर 'रेइकिन', म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम!

मी टोकियोतल्या ताकादानोबाबा भागात शिकायचो. रात्री सुपरमार्केटात बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांवर 'हांगाकु', म्हणजे अर्ध्या किमतीचं स्टिकर कधी लागतंय याची वाट बघत आम्ही उगाच भाजीतले मुळे न्याहाळत उभे असायचो. माझे पहिले पक्के पाठ झालेले कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, त्या स्टिकरवरचेच. जपानी व्याकरणाला मात्र घाबरू नका, क्रियापद आपल्यासारखं शेवटीच येतं.