युरोपची रेल्वे तिकिटं: व्हिसा अजून हातात नाही आणि भाडं रोज चढतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं युरोपला निघतोय. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. विमानानं पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परत यायचं. मधला सगळा प्रवास रेल्वेनं: पॅरिस ४ रात्री, ल्युत्सर्न ४, म्युनिक ३ (मावसभाऊ तिथे आहे, न जाऊन सांगते कोणाला), मग व्हेनिस २, फ्लॉरेन्स २ आणि रोम ३. हॉटेलं फुकट रद्द होणारी घेतली आहेत. विमानाची तिकिटं थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येतील अशी काढली. गाडी अडलीय ती रेल्वेपाशी.

पॅरिस ते झुरिकचं भाडं मी गेले दोन आठवडे रोज रात्री उघडून बघतेय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच घ्यायला हवं होतं. आता तीच गाडी, तीच वेळ, आणि चौघांचं मिळून जवळजवळ दीडपट झालंय. घ्यायला हात धजत नाही, कारण सगळ्यात स्वस्त तिकिटावर स्वच्छ लिहिलंय की रद्द केल्यास पैसे परत नाहीत. आणि व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची आहे. व्हिसा या सगळ्या देशांना मिळून एकच (शेंगेन), आणि सर्वात जास्त रात्री इटलीत म्हणून अर्ज इटलीकडे. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण नियमाप्रमाणे ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतो. तोवर थांबलं तर स्वस्त तिकिटं गेली, आणि आधी घेतली नि व्हिसा नाकारला तर सगळेच पैसे गेले.

नवरा म्हणतो, सरळ युरेल पास काढ (अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास), डोक्याला ताप नको. मी हिशोब करून बघितला, पण आरक्षण वेगळं, पास वेगळा, हे वाचून डोकं गरगरलं.

त्यात परवा एका रेल्वेच्या साइटवर व्हेनिस-फ्लॉरेन्स करून बघायला गेले. नावं भरली, कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, टाकला, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. दहा मिनिटांनी 'व्यवहार अयशस्वी'. पण बँकेचा मेसेज आला की पैसे वजा झाले! रात्री पावणेबाराला मी पुन्हा भरणार होते, नवऱ्यानं फोन काढून घेतला.

तर प्रश्न असे. व्हिसा येण्याआधी कुठली तिकिटं घ्यावीत आणि कुठली थांबवावीत? पास घेण्यात अर्थ आहे का? कार्डाचं काय करायचं? आणि नावाच्या रकान्यात मधलं नाव घालायचं की नाही? आमच्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडूनच आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाड्या बदलणं जितकं कमी तितकं बरं.

प्रतिसाद:

आम्हीही याच पेचातून गेलोय. तिकिटं देशाप्रमाणे बघू नका, दोन ढीग करा. पहिल्या ढिगात भाडं विमानासारखं चढतं ती: तुमची पॅरिसहून निघणारी गाडी, म्युनिक-व्हेनिस, आणि इटलीतल्या वेगवान गाड्या. दुसऱ्यात भाडं ठरलेलंच असतं ती: स्वित्झर्लंडमधली साधी तिकिटं आणि सगळीकडच्या प्रादेशिक गाड्या. दुसरा ढीग आत्ता विसरून जा. ती तिकिटं निघायच्या दहा मिनिटं आधी स्टेशनवर घेतलीत तरी तेवढ्यालाच मिळतात. माझ्या नवऱ्याने सहा महिने आधी बसून प्रादेशिक गाड्यांची वेळापत्रकं छापली होती, त्याचा उपयोग विमानात वारा घालायला झाला.

> पॅरिस ते झुरिकचं भाडं

झुरिकला जाताच कशाला? लिरिया नावाची टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान गाडी) पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून निघते आणि बाझेलला थांबते. तीन तासांच्या थोडं वर. बाझेलहून ल्युत्सर्न एक तास. गाडी एकदाच बदलायची आणि तीही एकाच स्टेशनात. पुढच्या स्विस गाडीला आरक्षण नाही, साधं तिकीट त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं, म्हणजे लिरिया उशिरा आली तरी जीव टांगणीला नाही. फक्त बाझेलपर्यंतचं भाडं बघा, फरक दिसेल.

स्वित्झर्लंडसाठी परदेशी पाहुण्यांना हाफ फेअर कार्ड मिळतं. एक महिना चालतं आणि रेल्वे, बस, बोटी, बहुतेक डोंगरी रेल्वे सगळं अर्ध्या भाड्यात. आई-वडिलांपैकी एकाबरोबर मुलीला फुकट नेणारं फॅमिली कार्डही त्याच्यासोबत मागून घ्या, १६ वर्षांखालच्या मुलांना आहे. ज्या दिवशी खूप हिंडणार असाल त्या दिवसासाठी सेव्हर डे पास (दिवसभर कितीही फिरा असा) बघा. तो मात्र पहिल्या ढिगातला, ५२ फ्रँकपासून सुरू, हाफ फेअर कार्ड असेल तर २९ पासून, आणि दिवस जवळ येईल तसा महाग.

व्हिसाचं म्हणाल तर आमच्या अर्जात रेल्वेचा फक्त तक्ता जोडला होता: कुठल्या तारखेला कुठून कुठे. पैसे भरलेलं तिकीट कोणी मागितलं नाही. मी त्या काळात फक्त एक तिकीट घेतलं, जे हातचं गेलं तर सगळा कार्यक्रम मोडला असता. तुमच्या बाबतीत ते पॅरिस-बाझेल. बाकी व्हिसा आल्यावर. रद्द करण्याच्या अटी वाचून मधल्या दराचं घ्या. सर्वात स्वस्त आणि त्यावरचा दर यात फरक किती आहे ते आधी बघा. कधीकधी तो इतका थोडा असतो की त्याला विमा म्हणायलाही हरकत नाही.

प्रतिसाद:

म्युनिकहून लिहितोय. ताई, तारखा बघितल्यात का? सप्टेंबरचा शेवट म्हणजे इथे ऑक्टोबरफेस्ट, बिअरचा मोठा उत्सव. तो सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास संपतो. त्या शनिवार-रविवारी म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर सासूबाईंना घेऊन उभं राहायचं म्हणजे आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहण्यासारखं, फक्त लोकांच्या हातात टाळ नसतात. मावसभावानं सांगितलं नाही? त्याला विचारा, आणि जमलं तर येणं-जाणं मंगळवार-बुधवारी ठेवा. भाडंही उतरेल.

झुरिक-म्युनिक गाडी बोडेन सरोवराच्या कडेनं येते, साडेतीन तास. ल्युत्सर्नहून झुरिक पाऊण तास. म्युनिक-व्हेनिस थेट गाडी आहे, इन्सब्रुक, ब्रेनर, व्हेरोना करत जाते, पावणेसात तासांच्या आसपास. थेटच घ्या. व्हेरोनाला बदलायची गाडी स्वस्त दिसेल, पण दोन बॅगा आणि गुडघे घेऊन फलाट बदलायचा तर नको. आता खरी गंमत: हीच गाडी जर्मन रेल्वे म्हणजे डॉइचे बान विकते आणि ऑस्ट्रियाची ओबीबीही विकते. गाडी एक, जागा त्याच, भाडं वेगवेगळं. एकीकडचा स्वस्त कोटा संपला तरी दुसरीकडे शिल्लक असतो. ओबीबीच्या स्वस्त तिकिटाला शपारशीने म्हणतात, डॉइचे बानच्या दोन जाती: सुपर शपारप्राइस रद्द होत नाही, शपारप्राइस प्रवासाच्या दिवसाआधी १० युरो कापून रद्द होतं, बाकीचं व्हाउचरमध्ये परत. जर्मनीतल्या जर्मनीत ६ ते १४ वर्षांची मुलं पालकांबरोबर फुकट, पण तिकीट काढतानाच मुलीची नोंद करावी लागते. नंतर जोडता येत नाही. आणि जागेचं आरक्षण या तिकिटांत धरलेलं नसतं, वेगळे पैसे. सासूबाईंसाठी तेवढे खर्च करा.

म्युनिकमधून एक दिवस साल्झबुर्ग किंवा फ्युसेनच्या किल्ल्याकडे जायचं असेल तर बायर्न-टिकेट. प्रादेशिक गाड्यांत पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, दिवसभर. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर चालतं. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही त्यात धरलेलं आहे. आदल्या रात्री फोनवर काढलंत तरी चालतं.

प्रतिसाद:

पासबद्दल. युरेल ज्येष्ठांना आणि मुलांना उदार आहे, १२ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या पासासोबत मोफत पास मिळतो, ६० पुढच्यांना सवलत. म्हणजे प्रवासाच्या पहिल्या दिवशी लेक अजून ११ चीच असली पाहिजे, वाढदिवस कधी आहे? पण लिरिया आणि इटलीतल्या फ्रेच्चारोस्सासारख्या वेगवान गाड्यांना पासवर वेगळं आरक्षण घ्यावं लागतं आणि पासधारकांचा कोटा मर्यादित असतो. इटालो ही इटलीतली खासगी रेल्वे कंपनी तर युरेल घेतच नाही. तुमचे रेल्वेचे मोठे प्रवास पाचच आहेत, तेही तारखा ठरलेले. पास त्याला शोभतो जो सकाळी उठून ठरवतो की आज कुठे जायचं. सासूबाईंना घेऊन तसं फिरणार नाही तुम्ही.

इटलीत त्रेनितालिया (सरकारी रेल्वे) आणि इटालो दोघांचं भाडं बघा, दोघांच्या स्पर्धेत आपलं भलं. त्रेनितालियाच्या बेस म्हणजे पूर्ण दरात प्रवास सुरू होण्याआधी तिकीट रद्द केलं तर २० टक्के कापून पैसे मिळतात, त्याहून स्वस्त दरांत अटी कडक. १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट नेण्याची एक योजना आहे, पण तिथे मोठ्यांचं तिकीट बेस दराचं लागतं. त्यामुळे दोन्ही प्रकारे बेरीज करून बघा, 'फुकट' वाचून भुलू नका. आणि स्टेशनचं नाव नीट: व्हेनेत्सिया मेस्त्रे मुख्य भूमीवर, व्हेनेत्सिया सान्ता लुचीया पाण्यावरच्या शहरात. हॉटेल कुठे आहे त्यावर ठरवा. फ्लॉरेन्स शोधून सापडलं नाही तर फिरेन्से लिहा, तिथलं मुख्य स्टेशन सान्ता मारीया नोव्हेल्ला.

> पुन्हा भरणार होते

बरं झालं नाही भरलं. पैसे बहुधा अडकवून ठेवलेत, कापलेले नाहीत. तिकीट तयार झालं नसेल तर काही दिवसांत सुटतात. आधी मेलबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघा, मग बँकेला विचारा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा किती आहे ते तपासा, बहुतेकदा गोम तिथेच असते. तरीही रेल्वेच्या साइटवर कार्ड नाहीच चाललं तर ट्रेनलाइनसारख्या विक्रेत्याकडून घ्या. थोडी फी लागते, पण तिकीट त्याच गाडीचं. बँक परकीय चलनाचं मार्कअप म्हणजे वरचा आकार लावते, ते हिशोबात धरा.

नाव: पहिलं नाव आणि आडनाव पासपोर्टप्रमाणे. मधल्या नावाला वेगळा रकाना नसेल तर नाही घातलं तरी आमचं कधी अडलं नाही. तपासनीस नाव आणि फोटो बघतो. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, सामानात खाली नको.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चौघं बसलो. आधी ऑक्टोबरफेस्ट. मावसभावाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, मला वाटलं तुम्ही त्याच्यासाठीच येताय!" त्याला आता काय बोलणार. म्युनिक बुधवार ते शनिवार होतं, ते ल्युत्सर्नची एक रात्र कमी करून मंगळवार ते शुक्रवार केलं. वाचलेली रात्र व्हेनिसला दिली.

पॅरिस-बाझेल घेतलं, मधल्या दराचं, चौघांचं, सकाळची गाडी. झुरिकच्या भाड्यापेक्षा कमी पडलं. बाकी व्हिसा आल्यावर. पैशांचंही कळलं: बँकेनं सांगितलं की रक्कम फक्त अडकवलेली आहे, आणि परदेशी व्यवहाराची मर्यादा मीच कधीतरी कमी करून ठेवली होती. लेकीचा वाढदिवस डिसेंबरात आहे, पण पास आता नकोच.

एकच राहिलं. म्युनिक-व्हेनिसला ओबीबीचं भाडं आज डॉइचे बानपेक्षा कमी दिसतंय, पण ओबीबीवर जागा निवडायची पायरी मला सापडत नाहीये. सासूबाईंना खिडकी हवी आहे, डोंगर दिसणार म्हणून त्या आत्तापासून विचारताहेत की कुठल्या बाजूला बसायचं. कोणी केलंय का हा प्रवास अलीकडे? डावी की उजवी?