पूर्व आफ्रिकेची सफारी: कोणतं जंगल, कोणता महिना? अनुभव लिहा

आपल्या मोठ्या सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. ताडोब्याला मे उत्तम, कारण पाणवठे आटलेले असतात. केनिया-टांझानियात मात्र मार्च ते मे मोठा पाऊस आणि नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा, म्हणजे आपली सुट्टी नेमकी तिथल्या पावसात. उलट ताडोब्याचा गाभा १ जुलैपासून तीन महिने बंद असतो, तेव्हा केनियातलं मसाई मारा भरात. जाऊन आलेल्यांनी महिना, जंगल आणि काय दिसलं-काय हुकलं ते लिहा. टूरवाल्यांची पत्रकं नकोत, ती सगळ्यांनी वाचलीयत.

ठाणे. मारा, ऑगस्ट
मारा नदीच्या काठी सकाळपासून बसून होतो. विल्डबीस्टचा (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) कळप धूळ उडवत यायचा, पुढचे पाण्यापर्यंत उतरायचे आणि एखादा झेब्रा बिचकला की सगळे माघारी. असं किती वेळा झालं! दुपार कलल्यावर एकाने उडी टाकली आणि मग मागच्यांना थांबणं शक्यच नव्हतं. दहा मिनिटांत आटोपलं. ‘क्रॉसिंग दाखवतोच’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ते जनावरांच्या मर्जीवर. खर्चाचंही बघा: परदेशी प्रौढाला जूनपर्यंत माणशी १०० डॉलर प्रवेश, जुलैपासून २००, आणि तोही बारा तासांचा.

नाशिक. दक्षिण सेरेंगेटी, फेब्रुवारी
नदी ओलांडतानाची दृश्यं सगळ्यांना हवी असतात, म्हणून फेब्रुवारी दुर्लक्षित राहतो. माझ्या मते तोच सरस. न्डुटूच्या आसपास ज्वालामुखीच्या राखेची जमीन, त्यावरचं आखूड गवत खनिजांनी भरलेलं; विल्डबीस्ट विणीला तिथेच येतात. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. आमच्यासमोर एक जन्मलं, धडपडत उभं राहिलं आणि काही मिनिटांत आईमागे पळायला लागलं. तेवढ्यात पळता आलं नाही तर तरस आहेतच. गवत आखूड असल्याने चित्ताही लांबून दिसतो.

पुणे. प्रश्न
मारा आणि सेरेंगेटी लागूनच आहेत ना? एका फेरीत जमेल?

दार-एस-सलाम. उत्तर
विल्डबीस्टला जमतं, तुम्हाला नाही. मारा केनियात, सेरेंगेटी टांझानियात, आणि जंगलातून हद्द ओलांडता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून लांबचा वळसा. शिवाय पूर्व आफ्रिकेचा जो सामाईक पर्यटक व्हिसा आहे तो केनिया, युगांडा, रवांडापुरता. टांझानियाचा वेगळा काढावा लागतो. दिवस कमी असतील तर एकच देश करा. टांझानियात जुलै ते ऑक्टोबर येत असाल तर तरंगिरेचं जंगल सोडू नका. बाकीचं पाणी आटलं की हत्ती तिथल्या तरंगिरे नदीकडे येतात, आणि गोरखचिंचेची झाडं तर विचारू नका.

नागपूर. मारा, मे
मुलांच्या सुट्टीमुळे मेच घ्यावा लागला. तिथली माती आपल्या विदर्भासारखी काळी, पाऊस पडला की गाडी रुतलीच समजा. गवत कमरेएवढं, त्यामुळे बिबट्या असला तरी दिसायचा नाही. पण सिंह भरपूर दिसले, आणि एका सिंहाभोवती आमची एकटीच गाडी! राहण्याचे दरही उतरलेले. गर्दीचा तिटकारा असणाऱ्याने मे बाद करू नये.

नैरोबी
इथे राहतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. सगळे माराकडे धावतात, मी पाहुण्यांना केनियाच्याच उत्तरेतल्या सांबुरूला नेतो. ग्रेवीचा झेब्रा, जाळीदार जिराफ, मागच्या पायांवर उभा राहून पाला खाणारा गेरेनुक हा लांब मानेचा हरीण, यातलं काहीही मारात नाही. फ्लेमिंगोसाठी नाकुरूला जाणार असाल तर आधी चौकशी करा: तळ्याचं पाणी चढल्यापासून पूर्वीचे गुलाबी थवे हमखास नसतात, बरेच बोगोरियाच्या तळ्यावर दिसतात. गेंड्यांसाठी मात्र नाकुरू अजूनही चांगलं. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, २०१७पासून बंदी आहे.

कोल्हापूर. प्रश्न
जानेवारीत सत्तरीच्या आईला न्यायचंय. न्गोरोंगोरो की अंबोसेली?

नैरोबी
ताई, अंबोसेली. न्गोरोंगोरो म्हणजे ज्वालामुखीचं विवर, त्याच्या काठाची उंची सुमारे २३०० मीटर, पहाटे थंडी बोचते, आणि खाली उतरायचा रस्ता खडा. अंबोसेली सपाट आहे, हत्ती अगदी जवळून दिसतात. किलिमांजारो बघायचा तर उजाडतानाच बाहेर पडा, नंतर ढग चढतात. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी हवी, नाहीतर भारतात परतताना विलगीकरणात ठेवतात. साठीपुढच्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते, तेव्हा तिकिटं त्यानंतर काढा. गाडीत आईंना मागची सीट देऊ नका, खड्डे तिथेच जास्त लागतात.